हॉलमधली खरखर, भुणभुण आणि मधेच जाणारा आवाज: वायरीच्या टोकांपासून सुरू केलेली तपासणी

आधी लक्षणं.

- माईकची वायर हलली की खरखर. कुणीतरी हाताने एका विशिष्ट कोनात धरून ठेवली की बंद.
- हातातला साधा डायनॅमिक माईक (ज्याला वीज लागत नाही) चालतो, पण पोडियमवरचा कंडेन्सर माईक (ज्याला मिक्सरकडून वीज लागते) त्याच वायरीवर मधेच मरतो.
- आवाज येतो पण पातळ. फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) नेहमीपेक्षा वर न्यावा लागतो आणि त्याबरोबर भुणभुणही वर येते.
- लॅपटॉप लावला की सतत 'हूं...', चार्जर काढला की शांत.
- चारपैकी एक स्पीकर तासाभराने, आवाज वाढवल्यावर, दगा देतो. गार झाला की परत चालू.
- दोन्ही बाजूंचे स्पीकर चालतात, पण मधल्या रांगेत बसलं की बेस गायब.
- मे महिन्यापर्यंत सगळं ठीक, जूनमध्ये पाऊस लागला की पहिले पाढे पंचावन्न.

मी पुण्यात मंगल कार्यालयं, शाळांची सभागृहं आणि सोसायट्यांची क्लबहाउसं इथे साउंड बसवतो आणि दुसऱ्यांनी बसवलेलं दुरुस्त करतो. दुसरं काम जास्त. फोन येतो तोवर बहुतेक ठिकाणी अँप (अँप्लिफायर) किंवा मिक्सर बदलून झालेला असतो. सातारा रस्त्याकडच्या एका कार्यालयात व्यवस्थापक काकांनी दोन वर्षांत दोन अँप घेतले होते आणि तरीही मंगलाष्टकांत नेमका 'सावधान'ला आवाज जायचा. तिसरा अँप घेण्याआधी मला बोलावलं. मी रॅकच्या मागे गेलो, अँपच्या हिरव्या कनेक्टरमधली तार दोन बोटांनी ओढली, ती हातात आली. काका म्हणाले, "अहो, पण ती तर स्क्रूने घट्ट आवळलेली होती!" होती, खोटं नाही. बसवणाऱ्याने ती फार मन लावून बसवली होती, तीच तर भानगड होती. त्यावर खाली येतोच.

तपासणीचा क्रम फुकट आणि सोप्यापासून महाग आणि कटकटीच्या दिशेने आहे. तो मोडू नका. मधूनच सुरुवात केली की दोन दोष एकात मिसळतात आणि मग दिवस जातो.

१. एका वेळी एकच गोष्ट बदला (खर्च शून्य)

खरखर करणारा माईक त्याच वायरीसकट मिक्सरच्या दुसऱ्या चॅनेलला लावा. खरखर बरोबर गेली तर मिक्सर निर्दोष. आता माईक तोच ठेवून वायर बदला. मग वायर तीच ठेवून माईक. तीन अदलाबदलीत दोष कुठल्या तुकड्यात आहे ते कळतं. घाईत लोक माईक, वायर, चॅनेल सगळं एकदम बदलतात, आवाज सुरळीत होतो, आणि खराब वायर गुंडाळून परत त्याच खोक्यात जाते. पुढच्या लग्नाला तीच बाहेर येते.

खराब ठरलेल्या वायरीच्या दोन्ही टोकांना तिथल्या तिथे लाल चिकटपट्टी लावा. हसू नका, माझ्या निम्म्या फेऱ्या या पट्टीने वाचल्या असत्या.

२. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा

भुणभुण चार्जर काढल्यावर गेली तर वायर बदलून काही होणार नाही. लॅपटॉपला एका प्लगातून अर्थ मिळतोय, मिक्सरला दुसऱ्या प्लगातून, आणि दोघांना जोडणाऱ्या ऑडिओ वायरीच्या जाळीतून (आतल्या तारांभोवतीच्या धातूच्या विणीतून) अर्थाचा करंट फिरतोय. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ही भुणभुण ५० आणि १०० हर्ट्झच्या आसपास ऐकू येते. तात्पुरता उपाय म्हणजे कार्यक्रमापुरतं बॅटरीवर चालवा, किंवा लॅपटॉप आणि मिक्सर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. कायमचा उपाय म्हणजे मधे ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स. ट्रान्सफॉर्मरमधून ऑडिओ जातो, पण दोन्ही बाजूंच्या तारा एकमेकींना कुठेच चिकटत नाहीत, त्यामुळे अर्थाचं ते चक्र तुटतं.

एक गोष्ट मात्र अजिबात करायची नाही: प्लगची अर्थ पीन कापणे किंवा तिला टेप गुंडाळणे. भुणभुण जाते हे खरं. पण उद्या मिक्सरच्या आत फेज बॉडीला टेकला तर तो अर्थात जाणार नाही, माईक धरलेल्या माणसातून जाईल.

३. वायर हलवून बघा, पण हेडफोनवर

स्पीकर बंद, मिक्सरला हेडफोन. वायरीची मधली लांबी सोडून द्या. दोन्ही टोकांपाशी, कनेक्टरपासून वीतभर अंतरात, वायर हळू वाकवत जा. वायर मधे क्वचित तुटते, उंदरांनी कुरतडली असेल तर गोष्ट वेगळी (पेठांमधल्या जुन्या इमारतींत हा विनोद नाही). ती तुटते कनेक्टरची पकड जिथे संपते तिथे, कारण तिथे ताठ भाग संपून लवचीक सुरू होतो आणि सगळा वाक त्याच एका सेंटिमीटरवर पडतो.

४. कनेक्टर उघडा

यासाठी लागतो एक स्क्रूड्रायव्हर आणि चांगला उजेड. तीन पिनांच्या एक्सएलआरमध्ये (माईकच्या वायरीचा नेहमीचा गोल कनेक्टर) १ ला जाळी, २ ला हॉट, ३ ला कोल्ड. हॉट आणि कोल्ड म्हणजे आवाज नेणाऱ्या दोन तारा, एक सरळ आणि एक उलटी. ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने हा क्रम १९९२ मध्ये मानक म्हणून छापला. त्याआधीच्या काही जुन्या यंत्रांत ३ हॉट असायची, तेव्हा अडगळीतून काढलेलं जुनं यंत्र साखळीत असेल तर त्याचं मागचं पॅनेल वाचा.

मी चार गोष्टी बघतो. पहिली, मागची पकड वायरीच्या बाहेरच्या सालीवर बसली आहे का. साल आतपर्यंत सोलून पकड नुसत्या आतल्या बारीक तारांवर आवळलेली असेल, तर प्रत्येक ओढ थेट सोल्डरवर जाते. दुसरी, जाळीचा एखादा केस सुटून पीन २ ला टेकतोय का. गेल्या श्रावणात एका शाळेच्या सभागृहात मी भिंग लावून पाहिला: पापणीच्या केसाएवढा एकच तुकडा, कनेक्टर सरळ असताना हवेत आणि वायर डावीकडे वळली की पीन २ वर. मुख्याध्यापिका बाई भाषणाला उभ्या राहिल्या की डावीकडे वळून पाहुण्यांकडे बघायच्या, पोडियमचा माईक बरोबर ओढायच्या आणि आवाज जायचा. पोरं त्याला बाईंची नजर म्हणायची.

तिसरी, सोल्डरचा चेहरा. चांगला डाग गुळगुळीत, तारेवर पसरलेला असतो. वाईट डाग गोळ्यासारखा वर बसलेला, राखाडी, दाणेदार. त्यालाच आपल्याकडे ड्राय सोल्डर म्हणतात. तो दिसतो जोडलेला, पण आत तार आणि सोल्डर यांच्यात फट असते. दमट हवेत त्या फटीत ऑक्साइड धरतो. पावसाळ्यात परत येणाऱ्या खरखरीचं हे एक मोठं कारण. चौथी, मंचाच्या जमिनीतल्या किंवा भिंतीतल्या डब्यात बसवलेल्या सॉकेटमध्ये पीन १ आणि धातूची बॉडी एकमेकींना जोडली आहे का. तो लोखंडी डबा बहुधा विजेच्या अर्थाला लागलेला असतो. पीन १ तिथे बॉडीला जोडली की जाळी दोन ठिकाणी अर्थ होते, एकदा डब्यात आणि एकदा मिक्सरला, आणि पुन्हा तेच फिरणारं चक्र. भिंतीतल्या सॉकेटला मी हा जोड देत नाही.

५. मल्टिमीटरचा बीप

आधी मिक्सरवरची फँटम पॉवर (कंडेन्सर माईकला वायरीतूनच जाणारी ४८ व्होल्टची वीज) बंद, वायर दोन्हीकडून सुटी. ४८ व्होल्ट चालू असताना मीटर लावला तर वाचन चुकीचं येतं. मीटर बीपवर ठेवा, दोन बिंदू जोडलेले असले की तो वाजतो. एका टोकाच्या पिनेपासून दुसऱ्या टोकाच्या पिनेपर्यंत १ ते १, २ ते २, ३ ते ३ बीप हवा. १-२, १-३, २-३ मध्ये बीप येता कामा नये. हे सगळं दुसऱ्या माणसाने टोकं वाकवत असताना करा, कारण टेबलावर शांत पडलेली वायर पास होते आणि मंचावर नापास.

या तीन पिनांवरून लक्षणांचा उलगडा होतो, म्हणून थोडं थांबतो. कंडेन्सर माईकला वीज २ आणि ३ वरून जाते आणि १ वरून परत येते. १ तुटली की परतीची वाट बंद, कंडेन्सर मरतो. डायनॅमिकला ती वीज लागतच नाही, तो थोड्या जास्त भुणभुणीसह चालत राहतो. म्हणजे 'एक माईक चालतो, एक नाही' हे ऐकलं की मी आधी पीन १ बघतो. लाइन आउटपुटवर २ किंवा ३ पैकी एक तुटली तर बहुतेक यंत्रांत पातळी ६ डेसिबलने पडते आणि बॅलन्स्ड वायरीचा मुख्य फायदाही जातो. दोन्ही तारांवर सारखाच चढलेला गोंधळ वजा होऊन नाहीसा होणं हा तो फायदा. एक तार गेली की वजा करायला काही उरत नाही. लक्षणांमधला 'पातळ आवाज आणि वर आलेली भुणभुण' तो हाच.

दोन्ही स्पीकर चालू पण बेस गायब असेल तर कुठेतरी २ आणि ३, किंवा स्पीकरचे प्लस-मायनस, उलटे आहेत. स्पीकरची वायर अँपपासून सोडवून तिला क्षणभर दीड व्होल्टचा सेल लावा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला असेल तर वूफरचा कोन बाहेर येतो. दोन्ही बाजूंना सारखंच व्हायला हवं. ही चाचणी साध्या ४ किंवा ८ ओहमच्या स्पीकरची. १०० व्होल्ट लाइनच्या (जास्त व्होल्टवर चालणाऱ्या) ट्रान्सफॉर्मरवाल्या स्पीकरला लावू नका.

६. हिरवे स्क्रू कनेक्टर: काकांच्या अँपची गोष्ट

प्रोसेसर, अँप, झोन मिक्सर यांच्या मागे जे हिरवे, ओढून निघणारे कनेक्टर असतात, ज्यांना आम्ही सरसकट फिनिक्स म्हणतो, तिथे मला सगळ्यात जास्त दोष सापडतात. लहान ३.८१ मिलिमीटर अंतराचे आणि मोठे ५.०८ चे.

काकांच्या वायरमनने तारेचे सुटे केस पसरू नयेत म्हणून टोकाला सोल्डर पाजून, छान कडक करून, मग स्क्रू आवळला होता. दिसायला एकदम नीटनेटकं. पण सोल्डर मऊ धातू आहे. सतत दाबाखाली ते हळूहळू, महिनोन्महिने, बाजूला सरकतं. स्क्रू आहे तिथेच असतो, त्याच्या खालची तार मात्र चपटी होत जाते आणि दाब संपतो. मग तिथे रोध वाढतो, रोध वाढला की जागा तापते, तापली की सोल्डर आणखी सरकतं. तासाभराने दगा देणारा आणि गार झाल्यावर शहाण्यासारखा वागणारा स्पीकर इथे जन्मतो. शिवाय सोल्डर जिथे संपतं तिथे तार ताठ होऊन तुटते.

उपाय: ते टोक कापून टाका. साल साधारण ७ मिलिमीटर सोला, तारांना पीळ द्या, त्यावर फेरूल चढवा म्हणजे तांब्याची कथील चढवलेली बारीक नळी, आणि क्रिंपिंगच्या पकडीने दाबा. साध्या पकडीने दाबलेलं फेरूल निसटतं, त्यासाठीची पकड वेगळी येते आणि तिचे पैसे एका फेरीत वसूल होतात. फेरूल नसेल तर नुसता पीळ दिलेला उघडा तांबाही सोल्डर पाजलेल्यापेक्षा बरा. आवळल्यावर प्रत्येक तार एकेक करून ओढून बघा. चारही तारा एकदम ओढल्या तर त्यातल्या घट्ट तीन ढिल्या एकीला झाकतात. आणि आवळताना जोर दाखवायचं कारण नाही, छोट्या कनेक्टरचे आटे लगेच सरकतात.

७. स्पीकर लाइन आणि फॉल्स सीलिंगमधलं जग

अँप बंद करा, मग पुढचं वाचा.

स्पीकरची वायर अँपकडून सोडवून मीटरने रोध मोजा. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण साडेपाच ते सात दाखवतो, घाबरू नका. त्यात वायरीचा रोध मिळवायचा. अडीच स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची लवचीक तार किलोमीटरला सुमारे ८ ओहम. हॉलच्या टोकाचा स्पीकर ३० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ६० मीटर, म्हणजे अर्धा ओहम. ४ ओहमच्या स्पीकरला अँपने दिलेल्यातला दहावा हिस्सा एवढ्यावरच जातो. एक स्क्वेअरची वायर टाकली असेल तर जवळजवळ पाव. वायरमनने घरगुती पंख्याच्या हिशेबाने वायर ओढलेली असते, त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

मीटर हिशेबापेक्षा अर्धा-एक ओहम जास्त दाखवत असेल, आणि सीलिंगमध्ये कुणी वायर ठोकरली की आकडा नाचत असेल, तर वर एक पीळ मारून टेप गुंडाळलेला जोड आहे. त्या जोडात अर्धा ओहम असला आणि २०० वॅटच्या ठोक्याला ४ ओहमच्या स्पीकरकडे ७ अँपिअर गेले, तर त्या क्षणी जोडात २५ वॅट तापतात. म्हणजे टेपमध्ये गुंडाळलेली एक लहान सोल्डरिंग आयर्न. संगीतात ते सतत नसतं म्हणून आग लागत नाही, टेप मात्र पाघळून काळी होते. असे जोड काढून तिथे दाबून बसणारे लिव्हरवाले कनेक्टर वापरा आणि ते डब्यात ठेवा.

स्पीकरच्या टोकाला मोठा ६.३५ मिलिमीटरचा जॅक असेल तर तो बदलून स्पीकॉन (खास स्पीकरच्या वायरीसाठीचा कनेक्टर) घ्या. जॅक आत-बाहेर होताना त्याची टीप आणि बॉडी सॉकेटच्या पात्यांवर क्षणभर एकत्र टेकू शकतात, म्हणजे चालू अँपचं आउटपुट शॉर्ट. शिवाय माईकचा जॅक आणि स्पीकरचा जॅक सारखेच दिसतात. घाईत कोण कुठे घुसवेल सांगता येत नाही. स्पीकॉन फिरवून लॉक होतो आणि त्याच्या पट्ट्यांना बोट लागत नाही. चार टोकांच्या स्पीकॉनमध्ये साध्या स्पीकरला १+ आणि १- वापरायचे. कुणी २+ २- ला जोडलं असेल तर सगळं नीट दिसतं आणि आवाज शून्य.

८. नवीन घेताना मी काय घेतो

माईक आणि मंचावरच्या वायरींना सोल्डर केलेला एक्सएलआर, ६३/३७ सोल्डरने. हे मिश्रण १८३ अंशांना एकदम वितळतं आणि एकदम गोठतं, त्यामुळे गोठताना हात हलून डाग बिघडण्याची शक्यता कमी. रॅकमध्ये फेरूल लावून हिरवे कनेक्टर. स्पीकरला स्पीकॉन. स्क्रूच्या पट्टीवर जाड वायर असेल तर क्रिंप केलेला लग (वायरीवर दाबून बसवलेलं धातूचं टोक), आणि त्या क्रिंपवर वरून सोल्डर नाही. लोक 'डबल मजबुती' म्हणून ते करतात आणि ताठ टोक तयार करून ठेवतात. नेटवर्कवरून ऑडिओ असेल तर एका तुकड्यात १०० मीटरची मर्यादा पाळा आणि दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच ठेवा.

तपकीर गल्लीत (पुण्याचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) कनेक्टर निवडताना मी चकाकी बघत नाही, मागची पकड उघडून बघतो. ती माझ्या साडेसहा मिलिमीटरच्या वायरीला चारी बाजूंनी धरत नसेल तर तो सोन्याचा मुलामा काय कामाचा? पावसाळ्याआधी कनेक्टर काँटॅक्ट क्लीनरने पुसा. गंज सोडवायचा घरगुती तेलकट स्प्रे मारू नका, त्यावर धूळ बसून महिन्याभरात चिखल होतो.

कुठे थांबायचं

मिक्सर, माईक किंवा रॅक हाताला झिणझिण्या देत असेल तर पहिल्या पायरीवरच थांबा. मेन स्विच बंद करा आणि परवानाधारक वायरमनला अर्थिंग तपासायला बोलवा. साउंडवाल्याचं ते काम नाही, माझंही नाही.

छतातले स्पीकर १०० व्होल्ट लाइनवर असतील तर नावातच आकडा आहे: पूर्ण आवाजात त्या तारांवर खरंच १०० व्होल्ट असतात. चालू असताना हात नको, आणि त्यांचा भार साध्या मीटरने मोजून निष्कर्ष काढू नका. ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी मीटरवर जवळजवळ शॉर्टच दिसते. त्यासाठी इम्पीडन्स मीटर लागतो, तो ज्याच्याकडे आहे त्याला बोलवा.

अँप ब्रिज मोडवर (दोन चॅनेल मिळून एकच स्पीकर चालवतात तेव्हा) असेल तर दोन्ही टर्मिनल जिवंत असतात, 'मायनस म्हणजे अर्थ' समजून काही जोडू नका. सगळ्या स्पीकर वायरी काढूनही अँपचा प्रोटेक्ट दिवा लागलेला राहत असेल, किंवा जळका वास येत असेल, तर दोष आत आहे. झाकण उघडू नका, आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज धरून असतात. आणि बारा फुटांवरच्या सीलिंगमध्ये जायचं असेल तर खुर्चीवर स्टूल ठेवून जाऊ नका. हे लिहावं लागतं कारण मी ते पाहिलं आहे.

आम्हाला बोलावलंत तर वरच्या कुठल्या पायऱ्या करून झाल्या आणि काय दिसलं ते कागदावर लिहून ठेवा. कापलेली टोकं फेकू नका. काकांनी ते चपटं झालेलं, सोल्डर पाजलेलं टोक रॅकच्या दारावर टेपने चिकटवून ठेवलं आहे आणि नवीन वायरमन आला की आधी ते दाखवतात.